एकावर एक रचायच्या कुंड्यांमधील स्ट्रॉबेरी : वरचे रोप सुकते, खालचे कुजते

प्रश्न
कोथरूडची गच्ची, पुणे | १२ जानेवारी

सर्व बागप्रेमींना नमस्कार. यंदा प्रथमच गच्चीवर स्ट्रॉबेरी लावली आहे. एकावर एक बसणाऱ्या, तीन पाकळ्यांच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांचा पाच थरांचा संच मला ४८० रुपयांना मिळाला. प्रत्येक थराला तीन कप्पे आहेत, म्हणजे एका मनोऱ्यात १५ रोपे बसतात आणि जागा जेमतेम दीड फूट लागते. रोपे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका रोपवाटिकेतून आणली. जात विचारली असता 'विंटर डॉन' असे सांगण्यात आले. निम्मी बागेतली काळी माती, पाव भाग शेणखत आणि पाव भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकत्र करून मी कप्पे भरले. संचासोबतच्या कागदावर पाणी फक्त सर्वांत वरच्या थरात घालावे, ते आपोआप खालपर्यंत झिरपते, असे लिहिले होते आणि मी आजपर्यंत त्याच सूचनेप्रमाणे रोज सकाळी पाणी घालत आले आहे.

सुरुवातीचा महिना रोपे एकसारखी वाढली. डिसेंबरच्या मध्यापासून मात्र वरची तिन्ही रोपे दुपारी माना टाकू लागली, म्हणून मी पाणी वाढवले. त्यानंतर सर्वांत खालच्या थरातील रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळल्या आणि एकामागून एक ती तिन्ही रोपे गेली. खालून दुसऱ्या थरातलेही एक रोप परवा हाताने हलवून पाहिले, तर ते मुळांशिवाय सहज वर आले आणि त्याचा बुंधा आतून काळपट तांबूस झालेला होता. उरलेल्या ११ रोपांना फुले आहेत. आतापर्यंत नऊ फळे मिळाली. त्यांतली चार चांगली होती, पण बाकीची एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने आखडलेली, जणू कोणी चिमटीत धरून ठेवल्यासारखी आहेत.

गच्ची तिसऱ्या मजल्यावर असून सकाळी आठ ते दुपारी तीनपर्यंत ऊन मिळते. पाणी महापालिकेच्या नळाचेच आहे. माझी चूक मातीत झाली, पाण्यात झाली, की अशा स्वस्त कुंड्या स्ट्रॉबेरीला मुळातच मानवत नाहीत, हे कृपया कोणीतरी सविस्तर सांगावे. शिवाय रोपे फुलांवर असताना आता माती बदलणे योग्य ठरेल का, हेही जाणून घ्यायचे आहे. घरातल्या लहान मुलीने ही रोपे स्वतःच्या हाताने लावली आहेत आणि ती रोज शाळेत जाण्यापूर्वी फळे मोजते. त्यामुळे उरलेली रोपे वाचवावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर १
द्राक्षनगरीतील माळी, नाशिक | १२ जानेवारी

ताई, याच पद्धतीच्या कुंड्यांमध्ये मी गेले चार हंगाम स्ट्रॉबेरी घेत आहे आणि पहिल्या वर्षी माझ्याकडेही अगदी हेच घडले होते. कुंड्या वाईट नाहीत. 'वरून पाणी घाला, ते खालपर्यंत जाते' ही सूचना अपुरी आहे आणि त्यात बागेतली काळी माती म्हणजे नुकसान दुप्पट.

असे का होते, ते आधी समजून घ्यावे, कारण ते एकदा लक्षात आले की उपाय आपोआप सुचतात. भांडी घासण्याचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा. थोडे पाणी गळते आणि गळणे थांबते. आता तोच स्पंज उभा धरला, तर त्यातून पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच, छिद्रे तीच, फक्त उंची वाढली. कुंडीतही असेच होते. छिद्रे कितीही असली तरी मिश्रणाच्या तळाचा काही भाग पाण्याने गच्च भरलेलाच राहतो आणि कुंडी जितकी उथळ, तितका तो भाग मुळांच्या जवळ येतो. आपल्या संचातला प्रत्येक थर ही एक वेगळी उथळ कुंडी आहे. थर एकमेकांवर बसले म्हणून त्यांतली माती सलग होत नाही, त्यामुळे पाच थरांची मिळून दोन-अडीच फूट खोल कुंडी झाली, असे समजू नये. काळी माती पाणी फार धरून ठेवते, म्हणून तो ओला पट्टा कप्प्याच्या अर्ध्याहून वर येतो आणि मुळांना हवा मिळत नाही. तळाशी खडे किंवा कौलाचे तुकडे घातल्याने निचरा सुधारतो, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यामुळे ओला पट्टा तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते.

यावर आणखी एक गोष्ट. वरच्या थराला चारही बाजूंनी वारा आणि ऊन लागते, म्हणून तो सर्वांत आधी सुकतो. तो टवटवीत राहावा म्हणून आपण पाणी वाढवतो आणि ते जादा पाणी खालच्या थरांत उतरते. येताना ते वरच्या चार थरांतील खतांचे क्षारही सोबत आणते. स्ट्रॉबेरी क्षारांच्या बाबतीत फार नाजूक आहे. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळणे ही बहुतेक वेळा त्याचीच खूण असते. म्हणजे आपण वरच्या रोपांना दिलेला प्रत्येक जादा तांब्या खालच्या रोपांना भोगावा लागला आहे. वरची रोपे तहानलेली होती, हेही खरेच, त्यामुळे आपण पाणी वाढवले यात आपला दोष नाही.

आता उपाय. पाच थर एकावर एक ठेवू नयेत, त्याच संचाचे तीन आणि दोन असे दोन मनोरे करावेत. माती पूर्ण काढून तीन भाग कोकोपीट, दोन भाग गांडूळखत आणि एक भाग भाताचे तूस किंवा परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे) असे मिश्रण भरावे. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते निदान दोन वेळा भरपूर पाण्यात धुऊन पिळून घ्यावे, कारण नारळाच्या काथ्यात मुळातच मीठ असते आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये स्ट्रॉबेरीची पाने आठवडाभरात करपलेली मी पाहिली आहेत. या कप्प्यांसाठी शेणखत मी वापरतच नाही. अर्धवट कुजलेले असले तर ते गरम पडते आणि पूर्ण कुजलेले असले तरी उथळ कप्प्यात दाट बसते.

पाण्यासाठी दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे लांब तोटीच्या झारीने प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र पाणी देणे. माझ्याकडे जानेवारीत वरच्या थराच्या एका कप्प्याला रोज साधारण पाव लिटर लागते आणि खालच्या थराला दिवसाआड तेवढेच पुरते. पण आकड्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा : बोटाचे पहिले पेर मिश्रणात घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. दुसरा मार्ग म्हणजे मधल्या भोकातून दीड इंची पीव्हीसी नळी उभी घालणे. नळीचे खालचे तोंड बंद करावे आणि अंगावर बारीक छिद्रे पाडावीत. पाण्याचा दाब तळाशी जास्त असतो, म्हणून वरच्या थराच्या उंचीवर जास्त आणि खालच्या थराशी फारच थोडी छिद्रे ठेवावीत. सगळीकडे सारखी छिद्रे पाडली, तर पुन्हा खालचा थरच भिजतो. सर्वांत खालच्या ताटलीत साचलेले पाणी मात्र दर वेळी ओतून टाकावे.

हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे मनोऱ्याची उत्तर बाजू दिवसभर सावलीत राहते. दर तीन दिवसांनी मनोरा पाव फेरा फिरवावा. भिंतीला खडूने खूण केली, तर विसरायला होत नाही.

माती आता बदलावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जरूर बदलावी. रोप मुळांभोवतीच्या गोळ्यासह उचलावे, उमललेली फुले खुडून टाकावीत, हिरवी फळे एक-दोनच ठेवावीत आणि तीन दिवस मनोरा सावलीत ठेवावा. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण एक महिना लागतो. पुण्यात मार्चच्या मध्यापर्यंत हंगाम चालतो, म्हणजे अजून दोन बहर हाती लागू शकतात.

उत्तर २
गादीवाफा, पाचगणी परिसर | १३ जानेवारी

ताई, मी स्ट्रॉबेरीचा शेतकरी आहे. कुंड्यांचा अनुभव मला नाही, त्यामुळे त्याविषयी बोलत नाही. पण रोप सगळीकडे सारखेच असते, म्हणून शेतातील काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट क्राऊनची. पाने आणि मुळे जिथे मिळतात, तो जाडसर गड्डा म्हणजे क्राऊन. तो मातीच्या पृष्ठभागाशी नेमका समपातळीत हवा. तो मातीखाली गेला तर कुजतो आणि उघडा राहिला तर मुळे सुकतात. शेतात मजूर लावणी करताना आम्ही सर्वांत जास्त लक्ष याच गोष्टीकडे देतो. आपल्या कुंडीत दोन महिन्यांत मिश्रण खाली बसते, वरच्या थरातली माती पाण्यासोबत वाहून खालच्या कप्प्यांत पडते आणि तिथल्या रोपांचे क्राऊन गाडले जातात. खालची रोपे कुजण्यामागे हेही एक कारण असू शकते. नवीन भरताना कप्पे काठोकाठ भरून एकदा भरपूर पाणी द्यावे, मिश्रण बसू द्यावे आणि मगच रोप लावावे. जे रोप आतून काळे-तांबूस झाले आहे, ते मातीसह टाकून द्यावे आणि तो कप्पा गरम पाण्याने व साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. ती माती दुसऱ्या स्ट्रॉबेरीला वापरू नये.

आमच्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या उतारांवर लाल जांभ्याची माती आहे. तिच्यातून पाणी पटकन निघून जाते, तरीही आम्ही सपाट जमिनीत स्ट्रॉबेरी लावत नाही. गादीवाफा उंच करतो, त्यावर मल्चिंग पेपर, म्हणजे वाफा झाकणारा प्लॅस्टिकचा कागद, अंथरतो आणि खालून ठिबकच्या नळीने थोडे थोडे पाणी देतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या मातीचा आणि थंड रात्रींचा मोठा वाटा आहे. काळी माती कापसाला उत्तम असली तरी स्ट्रॉबेरीच्या मुळांना ती गुदमरवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाकड्या फळांविषयी. आपण ज्याला फळ म्हणतो, तो खरे तर फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग असतो आणि त्यावरचे पिवळे ठिपके हीच स्ट्रॉबेरीची खरी फळे. त्या प्रत्येक ठिपक्याचे वेगळे परागीभवन व्हावे लागते, कारण ज्या ठिपक्यात बी धरते त्याच्याभोवतीचाच गर वाढतो. ज्या बाजूला परागकण पोहोचले नाहीत, ती बाजू आखडून राहते. शेतात मधमाश्या हे काम करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर त्या पुरेशा येत नसतील, तर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, दव उडून गेल्यावर, रंगकामाचा मऊ कुंचला फुलाच्या कडेच्या पिवळ्या केसरांवरून फिरवून मग मधल्या हिरवट उंचवट्यावर सर्व बाजूंनी हळुवार फिरवावा. हे एका फुलाला दोन-तीन दिवस करावे. आपल्या मुलीला हे काम आवडेल आणि ती ते मोठ्या माणसांपेक्षा अधिक निगुतीने करील. जवळ तुळस फुलोऱ्यावर असेल तर तिच्या मंजिऱ्या खुडू नयेत, मधमाश्या त्यांच्या ओढीने येतात. फुलकिड्यांमुळेही फळे वेडीवाकडी होतात. त्याची खात्री करायची असेल, तर फूल पांढऱ्या कागदावर झटकून पाहावे. बारीक, लांबट, चालणारे किडे दिसले, तर संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला ५ मिली या प्रमाणात, दोन थेंब साबणाच्या पाण्यासह फवारावे, मात्र उमललेल्या फुलांवर फवारा जाऊ देऊ नये.

रनर, म्हणजे रोपाने सोडलेले लांब धावते दोर, फळे घेत असेपर्यंत कापत राहावे. उथळ कप्प्यातले रोप फळ आणि रनर अशा दोघांना पोसू शकत नाही.

आणखी एक. हीच रोपे पुढच्या वर्षासाठी राखण्याचा मोह पुष्कळांना होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात फळाची रोपे टिकत नाहीत. म्हणून आम्हीही दरवर्षी नवीन लावणी करतो. मातृरोपे परदेशांतून येतात, पावसाळ्यात रोपवाटिकांमध्ये त्यांच्या रनरपासून रोपे तयार केली जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती शेतात जातात. आपण ऑक्टोबरमध्ये रोपे घेतली, ती वेळ अगदी योग्य होती. फळे लागलेली रोपे फेब्रुवारीत विकायला येतात, ती घेऊन बरेच जण निराश होतात, कारण त्या रोपांचा हंगाम संपत आलेला असतो.

उत्तर ३
पूर्वेची बाल्कनी, डोंबिवली | १३ जानेवारी

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. खालच्या थरात स्ट्रॉबेरी लावूच नये. आमच्याकडे दमट हवेत मी तीन थरांचा प्रयोग दोन वर्षे केला. पाणी कितीही मोजून दिले तरी खालच्या थरातील फळांवर राखाडी बुरशी येते, कारण तिथे वारा खेळत नाही आणि वरून थेंब पडत राहतात. आता मी खालच्या थरात पुदिना लावते. त्याला ओल चालते, अर्धी सावलीही चालते आणि वरून वाहून आलेले खत तो आनंदाने घेतो. पुदिना इतर झाडांत घुसून त्रास देतो हे खरे आहे, पण या बंदिस्त कप्प्यांतून तो बाहेर पडू शकत नाही.

पाण्याविषयी एक सूचना. आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या तोंडावर टँकरचे बोअरवेलचे पाणी येते. त्या पाण्याने माझ्या रोपांची नवी पाने पिवळी पडली आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या. जड पाण्यामुळे मिश्रणाची आम्लता कमी होते आणि लोह मुळांना घेता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ सामू (आम्लतेचे माप, pH) मानवतो. असे पाणी वापरण्याची वेळ आली, तर पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक कप्प्यातून चांगल्या पाण्याची धार सोडून क्षार धुऊन काढावेत, पण त्या दिवशी थर वेगवेगळे करून धुवावेत, नाहीतर सगळे क्षार पुन्हा खालीच जमा होतात.

बुलबुलांपासून फळे जपण्यासाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा मनोऱ्यावर टाकता येतो. तो सकाळी फुलांच्या वेळी काढावा म्हणजे मधमाश्यांना वाट मिळते. फळ तोडण्याची घाई मात्र करू नये. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही, ती तोडल्यावर रंग थोडा गडद होतो पण गोडी वाढत नाही. देठाजवळचा पांढरेपणा पूर्ण गेल्यावर, आणखी एक दिवस थांबून तोडलेले फळ आणि बाजारातल्या डब्यातले फळ यांत जो फरक आहे, त्यासाठीच मी हा सगळा खटाटोप करते. पंधरा रोपांच्या खर्चात बाजारातून कदाचित अधिक फळे येतील, पण दूरच्या बाजारासाठी फळ थोडे आधीच तोडावे लागते, त्याला शेतकऱ्याचाही इलाज नसतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर
कोथरूडची गच्ची, पुणे | १४ फेब्रुवारी

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. महिन्याभरात काय केले आणि काय झाले, ते सांगते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मनोरा उतरवला. खालचा थर रिकामा करताना कप्प्याच्या तळाशी चार बोटे जाडीचा चिखलाचा थर मिळाला आणि त्याला कुबट वास येत होता. वरच्या थरातील माती मात्र ढेकळासारखी कडक होती, म्हणजे मी रोज ओतलेले पाणी तिच्या कडेने सरळ खाली उतरत होते आणि मुळांपर्यंत पोहोचतच नव्हते. नाशिकच्या दादांनी सांगितलेले स्पंजाचे प्रात्यक्षिक मुलीला करून दाखवले. तिने ते शाळेतही करून दाखवले.

आता तीन आणि दोन थरांचे असे दोन मनोरे आहेत. मोठ्या मनोऱ्याच्या वरच्या दोन थरांत सहा रोपे आणि खालच्या थरात पुदिना आहे, तर लहान मनोऱ्यात पाच रोपे आहेत. हलवताना पाळेमुळे दुखावल्याने एक रोप गेले, बाकीची दहा जगली. दुपारी माना टाकणे चौथ्या दिवसापासून थांबले. नळी न घालता मी प्रत्येक कप्प्याला झारीनेच पाणी देते, त्याला रोज सात-आठ मिनिटे लागतात. कुंचल्याचे काम मुलीकडे आहे. बदलानंतर उमललेल्या फुलांची पहिली सहा फळे गेल्या आठवड्यात पिकली. त्यांतली पाच सर्व बाजूंनी भरलेली होती.

एक शंका उरली आहे. दुपारचे तापमान आता वाढू लागले आहे आणि वरच्या थराच्या पानांखाली अगदी बारीक जाळी दिसते, पानांवर फिकट ठिपकेही आहेत. हा कोणता रोग असावा?

उत्तर
द्राक्षनगरीतील माळी, नाशिक | १४ फेब्रुवारी

हा रोग नसून लाल कोळी ही कीड आहे, ताई. कोरड्या, उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो आणि सर्वांत आधी सुकणाऱ्या वरच्या थरापासूनच सुरुवात करतो. जास्त जाळी असलेली जुनी पाने कापून पिशवीत बांधून टाकावीत. उरलेल्या पानांची खालची बाजू सलग चार-पाच दिवस सकाळी पाण्याच्या बारीक, जोरदार फवाऱ्याने धुवावी, म्हणजे दुपारपर्यंत पाने कोरडी होतात. पिकत आलेली फळे आधी तोडून घ्यावीत. तसेच मार्चपासून दुपारी बारानंतर मनोऱ्यावर जुन्या पांढऱ्या सुती साडीची सावली करावी. पुढच्या ऑक्टोबरसाठी हे मिश्रण वापरू नये. ते गुलाबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीत घालावे आणि स्ट्रॉबेरीसाठी नवीन भरावे.